शेततळ्यात उतरणारे पिवळ्या काठाचे पाणभुंगेरे आणि आपल्या भागातील त्यांचे भाऊबंद

प्रश्न: बोरीकाठ (तालुका अमळनेर)

नमस्कार. आमच्या शेतात ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल असे शेततळे असून त्याला काळ्या पन्नीचे अस्तर आहे. पोळ्याच्या आधी तळे भरले आणि तेव्हापासून दिवेलागणीच्या सुमारास त्यात मोठे काळे भुंगेरे येऊन पडताना दिसू लागले. हे भुंगेरे अडीच सेंटीमीटरच्या आसपास लांब, चपटे व गुळगुळीत आहेत. पाठीचा रंग हिरवट झाक असलेला काळा आहे आणि दोन्ही बाजूंना डोक्यापासून शेवटपर्यंत पिवळी किनार आहे. पाण्यात ते अतिशय वेगाने सूर मारतात व थोड्या थोड्या वेळाने वर येतात; वर येताना मात्र डोके खाली असते आणि शेपटीकडचे टोक तेवढे पाण्याबाहेर निघते. याच तळ्यात साधारण तेवढाच, पण पिवळी किनार नसलेला, पूर्ण काळा आणि पाठीवर अधिक फुगीर असा दुसराही एक भुंगेरा दिसतो. तो पोहताना पाय आळीपाळीने हलवतो आणि हवेसाठी डोक्याच्या बाजूने वर येतो. बांधापलीकडच्या नाल्यात तर ज्वारीच्या दाण्याहूनही लहान, ठिपक्यांचे आणि पट्ट्यांचे कितीतरी प्रकार आहेत.

या हंगामात तळ्यात कटला आणि रोहूचे बीज सोडण्याचा विचार आहे. एका परिचितांनी सांगितले की हे किडे माशांची पिल्ले फस्त करतात, म्हणून आधी कपाशीवर मारतो तेच औषध पाण्यात टाकून तळे साफ करावे. माझे मन त्यास धजत नाही. माझी मुलगी नववीत शिकते आणि तिला शाळेच्या प्रकल्पासाठी या भुंगेऱ्यांच्या नोंदी करायच्या आहेत. हे दोन्ही भुंगेरे एकाच जातीचे आहेत का, माशांना त्यांच्यापासून खरोखर किती धोका आहे, आणि आपल्या खान्देशात असे किती निरनिराळे प्रकार कोणत्या पाण्यात पाहायला मिळू शकतील, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

उत्तर: प्राणिशास्त्र_धुळे

भाऊ, आपण पोहण्याची आणि श्वास घेण्याची पद्धत नोंदवली आहे, त्यामुळे छायाचित्र नसतानाही ओळख पटवणे सोपे झाले. ही दोन वेगळी कुळे आहेत. पिवळ्या किनारीचा भुंगेरा डायटिसिडी कुळातील, म्हणजे शिकारी पाणभुंगेऱ्यांपैकी, सायबिस्टर या प्रजातीचा (जीनसचा) आहे. आपण दिलेले आकारमान व रंग पाहता तो सायबिस्टर ट्रायपंक्टॅटस असण्याची शक्यता सर्वांत अधिक. आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेली ही जाती भारतातील तळ्यांत सर्रास आढळते. किनार नसलेला फुगीर भुंगेरा हायड्रोफिलिडी कुळातील आहे. त्या कुळातील प्रौढ भुंगेरे प्रामुख्याने कुजणाऱ्या वनस्पतींवर जगतात, त्यांच्या अळ्या मात्र शिकारी असतात.

डायटिसिडी कुळातील भुंगेरे मागचे दोन्ही पाय एकाच वेळी मारतात. हे पाय चपटे असून त्यांना लांब केसांची दाट झालर असते. पाय मागे ढकलताना झालर पसरते आणि पुढे आणताना मिटते, त्यामुळे प्रत्येक फटक्याचा पुरेपूर उपयोग होतो. हायड्रोफिलिडी कुळातील भुंगेरे पाय आळीपाळीने मारतात, म्हणजे पाण्यात चालल्यासारखे पोहतात. मिशाही पाहाव्यात. शिकारी भुंगेऱ्याच्या मिशा बारीक आणि दोऱ्याएवढ्या सडपातळ असतात. दुसऱ्याच्या आखूड असून टोकाला गाठ असते व त्या बहुतेक वेळा डोक्याखाली दडलेल्या राहतात. त्या गाठीच्या मिशांनीच तो पृष्ठभाग फोडून हवा पोटाखाली ओढून घेतो, म्हणून तो डोक्याकडून वर येतो.

शिकारी भुंगेरा हवेचा साठा पाठीवरील कठीण पंखांच्या खाली ठेवतो आणि त्याची श्वासरंध्रे त्याच पोकळीत उघडतात. पंखांचे मागचे टोक पाण्याबाहेर काढले की जुनी हवा जाऊन नवी भरली जाते. मुलीला हे जवळून दाखवायचे असेल, तर काचेच्या रुंद तोंडाच्या बरणीत स्वच्छ पाणी व एखादी काडी ठेवून त्यात एक भुंगेरा सोडावा आणि बाजूने पाहावे. तो काडीला धरून स्थिर झाला की शेपटीच्या टोकाशी चकाकणारा एक बुडबुडा बाहेर आलेला दिसेल. हा बुडबुडा निरर्थक नाही. आतल्या हवेतील ऑक्सिजन संपू लागला की भोवतालच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन बुडबुड्यात शिरत राहतो, त्यामुळे मूळ साठ्यावर जितका वेळ काढता आला असता त्यापेक्षा बराच अधिक वेळ भुंगेऱ्याला पाण्याखाली राहता येते. मात्र नायट्रोजन हळूहळू बाहेर निघून जातो व बुडबुडा लहान होत जातो, म्हणून अखेर वर यावेच लागते. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि भुंगेऱ्याची गरज वाढते. आपल्याकडच्या ऑक्टोबरच्या उन्हात तो वारंवार वर येतो, त्याचे कारण हेच. किती सेकंदांनी तो वर आला हे सकाळी आणि दुपारी मोजले आणि त्या वेळचे पाण्याचे तापमान तापमापीने तपासले, तर नववीच्या प्रकल्पाला पुरेल इतका आशय या एका निरीक्षणातून मिळेल.

आता शिकारीविषयी. खरी खादाड अवस्था अळीची असते. अळी लांबट, निमुळती आणि चपट्या डोक्याची असून तिचे जबडे विळ्यासारखे वाकलेले असतात. या जबड्यांच्या आतून नळी जाते. भक्ष्याला पकडताच अळी त्यातून पाचकरस आत सोडते, भक्ष्याचे आतील भाग शरीरातच विरघळतात आणि मग तो द्रव ती शोषून घेते. मागे रिकामी कातडी राहते. डासांच्या अळ्या, चतुरांची पिल्ले, बेडूकमासे (बेडकांची शेपटीवाली पिल्ले) आणि माशांची अगदी लहान पिल्ले यांपैकी आवाक्यात येईल ते ती पकडते, आणि अन्न कमी पडले तर स्वजातीच्या अळ्यांनाही सोडत नाही. प्रौढ भुंगेरा चावून खातो आणि त्याला मेलेल्या प्राण्यांचा वास पाण्यातून फार लवकर लागतो. त्यामुळे मेलेल्या माशावर भुंगेरे जमलेले दिसले म्हणून तो मासा त्यांनीच मारला, असा निष्कर्ष काढू नये. मासा ऑक्सिजन कमी पडून मेलेला असतो आणि भुंगेरे नंतर आलेले असतात, असे अनेकदा घडते.

अळी हाताळताना चिमटा वापरावा, तिचा चावा चांगलाच झोंबतो. प्रौढ भुंगेरा हातात घेतला तर डोके आणि छातीच्या सांध्यातून पांढरा, कडवट वासाचा द्रव सोडतो. मासे आणि बेडकांनी आपल्याला गिळू नये यासाठीची ती तजवीज आहे. नर आणि मादी ओळखण्यासाठी पुढच्या पायांकडे पाहावे. नराच्या पुढच्या पायांवर रुंद, चपटी गादी असते व तिच्या खालच्या बाजूस चिकटून राहणाऱ्या सूक्ष्म वाट्या असतात.

उत्तर: मत्स्यशेती_नंदुरबार

ताईंनी शास्त्रीय बाजू मांडलीच आहे. मी फक्त मत्स्यपालनापुरते लिहितो. कपाशीवरचे औषध पाण्यात कदापि टाकू नये. त्यातील सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील रसायने पाणकिड्यांना जितकी मारक असतात, तितकीच माशांनाही असतात, आणि अस्तर असलेल्या तळ्यात पाणी मुरून वाहून जाण्याची सोयही नसते.

धोका किती, हे आपण कोणत्या आकाराचे बीज सोडणार आहात यावर अवलंबून आहे. मत्स्यजिरे, म्हणजे सहा-आठ मिलिमीटरची पिल्ले, सोडणार असाल तर सायबिस्टरच्या अळ्या, पाठीवर पोहणारे किडे, पाणविंचू आणि पाणढेकूण हे सर्व मिळून मोठे नुकसान करू शकतात. संगोपन तळ्यांमध्ये यासाठी जिरे सोडण्याच्या १२ ते २४ तास आधी तेल आणि साबणाचे मिश्रण पृष्ठभागावर पसरण्याची पद्धत आहे. हेक्टरी ५६ किलो स्वस्त खाद्यतेल आणि १८ किलो साबण असे प्रमाण धरतात. आपल्या ९०० चौरस मीटरच्या तळ्याला त्या हिशेबाने साधारण ५ किलो तेल आणि दीड किलोहून थोडा अधिक साबण लागेल. साबण आधी गरम पाण्यात विरघळवून मग त्यात तेल घोटावे लागते. तेलाचा पातळ थर हवेसाठी वर येणाऱ्या किड्यांची श्वासरंध्रे बंद करतो. वारा नसेल तरच हा थर टिकतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात असा निवांत दिवस शोधावाच लागतो.

मात्र माझा सल्ला असा आहे की शेततळ्यात जिरे सोडूच नये. आठ-दहा सेंटीमीटरची बोटुकली घ्यावी. ती महाग पडते, परंतु तिच्या वाट्याला भुंगेरा जात नाही, तेलसाबणाची गरज राहत नाही आणि जगण्याचे प्रमाणही कितीतरी चांगले मिळते. उलट बोटुकली थोडी वाढली की लहान पाणकिडे हेच तिचे खाद्य होते.

प्रश्नकर्त्याची पुढील शंका: बोरीकाठ

ताई आणि भाऊ, दोघांचेही मनापासून आभार. बोटुकलीच घेण्याचे ठरवले आहे. बरणीचा प्रयोग काल मुलीने केला. बुडबुडा तर स्पष्ट दिसलाच, शिवाय भुंगेऱ्याला काडी नसताना तळाशी टिकून राहणे जमत नाही, पाय थांबवले की तो आपोआप वर तरंगतो, हेही तिच्या लक्षात आले.

आता एक शंका उरते. बांधापलीकडे नाला आहे, त्यात गवत आहे, बेडूकमासे आहेत, म्हणजे या भुंगेऱ्यांना हवे ते सर्व तिथे आहे. तरीही मोठे भुंगेरे नाल्याऐवजी पन्नीच्या तळ्यात का येऊन पडतात? आणि एवढे भुंगेरे असूनही तळ्यात त्यांची अळी आम्हाला एकदाही का दिसली नाही?

उत्तर: सातपुडा_पाणवठे (यावल)

आपल्या दोन्ही शंकांचा एकमेकींशी संबंध आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पाण्याच्या सपाट पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश आडव्या दिशेने ध्रुवीत झालेला असतो, म्हणजे त्याच्या लहरी बहुतांशी एकाच आडव्या पातळीत कंप पावतात. माणसाच्या डोळ्याला हा फरक कळत नाही, पाणकिड्यांच्या डोळ्यांना कळतो, आणि उडत असताना पाणी शोधण्याची त्यांची मुख्य खूण हीच आहे. अडचण अशी की काळा, गुळगुळीत पृष्ठभाग प्रकाशाला खऱ्या पाण्यापेक्षाही अधिक प्रमाणात ध्रुवीत करतो. हंगेरीतील संशोधकांनी काळ्या प्लास्टिकच्या चादरी जमिनीवर अंथरून पाहिल्या, तेव्हा पाणकिडे कोरड्या प्लास्टिकवरही उतरले. लाल आणि काळ्या मोटारींच्या टपांवर पाणकिडे का आदळतात, याचे उत्तरही त्यांनी २००६ मध्ये याच कारणाने दिले. सौरपट्ट्यांचेही तसेच आहे. साक्री तालुक्यासारख्या ठिकाणी जिथे सौरपट्ट्या मोठ्या क्षेत्रावर आहेत, तिथे पावसाळ्याच्या तोंडावर त्यांच्याखाली पडलेले किडे कोणी तपासले तर ती फार मोलाची नोंद ठरेल. आपले काळ्या पन्नीचे तळे आकाशातून येणाऱ्या भुंगेऱ्याला गवताने झाकलेल्या गढूळ नाल्यापेक्षा कितीतरी ठळक दिसते.

आता अळीविषयी. सायबिस्टरची मादी पाणवनस्पतीच्या देठाला चीर पाडून आत अंडी घालते. अळी तीनदा वाढीचे टप्पे पार करून पाण्याबाहेर सरपटत येते आणि काठाच्या ओल्या मातीत लहानशी पोकळी करून तिथे कोष होते. म्हणजे तिला देठ हवा, आणि ओल्या मातीचा काठ हवा. आपल्या तळ्यात यांपैकी काहीच नाही. आपल्याकडे जे भुंगेरे दिसतात ते बाहेर कुठेतरी वाढून उडत आलेले आहेत. त्यांची पैदास नाल्यात, गावतळ्यात किंवा कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या फुगवट्यात झालेली असावी. शेततळ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत झपाट्याने वाढली म्हणून पाणभुंगेऱ्यांचे भले झाले, असे कोणी म्हणू नये. पाणी वाढले आहे, पण त्याला काठ नाही.

यातूनच विविधतेच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. जगभरात शिकारी पाणभुंगेऱ्यांच्या चार हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. सर्वांत लहान जाती दोन मिलिमीटरहूनही कमी भरतात आणि सर्वांत मोठ्या साडेचार सेंटीमीटरच्या पुढे जातात. पश्चिम ऑस्ट्रेलियात तर जमिनीखालच्या चुनखडकातील पाण्यात राहणाऱ्या, डोळे नाहीसे झालेल्या शंभराच्या आसपास जाती गेल्या काही दशकांत सापडल्या, आणि तिथे जवळजवळ प्रत्येक भूजलसाठ्याचा भुंगेरा वेगळा आहे. एवढे वैविध्य कशामुळे, याचे उत्तर मला तरी पाण्याच्या आयुष्यात दिसते. पाणी किती दिवस टिकते, ते वाहते की साचते, सावलीत असते की उन्हात, त्यात मासे आहेत की नाहीत, यावर तिथे कोण राहणार हे ठरते. खान्देशात वर्षाला साधारण ६०० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) बहुतेक नाले कोरडे पडतात, म्हणून इथे पाणजीवन ते काय असणार, असे पुष्कळांना वाटते. पाणभुंगेऱ्यांच्या बाबतीत ही समजूत सोडून द्यावी लागते, कारण या कुळातील कितीतरी जाती आटणाऱ्या पाण्यातच वाढतात.

मृगाच्या पावसाने शेताच्या कडेला किंवा वीटभट्टीच्या खड्ड्यात जे डबके साचते, त्यात सर्वांत आधी येणाऱ्यांपैकी एक म्हणजे इरेटीस. तो दीड सेंटीमीटरच्या आत, फिकट राखाडी-पिवळसर रंगाचा असून पाठीवर बारीक काळे ठिपके आणि मागच्या बाजूस नागमोडी काळसर पट्टा असतो. त्याची अळी बहुतेक भुंगेऱ्यांच्या अळ्यांप्रमाणे गवतात दबा धरून बसत नाही, उघड्या पाण्यात पोहत शिकार करते आणि अत्यंत वेगाने वाढते, कारण डबके किती दिवसांचे सोबती आहे याची शाश्वती नसते. अमेरिकेतील ॲरिझोनामध्ये याच प्रजातीतील भुंगेऱ्यांचा मोठा समुदाय आटत चाललेल्या डबक्यातून एकाच वेळी उडून गेल्याची नोंद आहे. आपल्याकडे पाऊस लांबला आणि डबकी आटू लागली की संध्याकाळी हे दृश्य पाहण्याची संधी मिळू शकते. जो ते पाहील त्याने कृपया वेळ आणि पाण्याची उरलेली खोली लिहून ठेवावी.

डबके महिना-दोन महिने टिकले आणि काठाने गवत वाढले, की दुसरी मंडळी येतात. काळ्या पाठीवर पिवळ्या उभ्या रेघा असलेला हायडॅटिकस, पिवळ्या-काळ्या नक्षीचा देखणा सँड्राकॉटस, पाण्याबाहेर काढताच टुणकन उडी मारणारा चार-पाच मिलिमीटरचा लॅकोफिलस, जवळजवळ गोलाकार असलेला हायफिड्रस, आणि दोन-अडीच मिलिमीटरचा हायड्रोग्लिफस, जो चहाच्या गाळणीतूनही कधी कधी निसटतो. आपण नाल्यात पाहिलेले ठिपक्यांचे आणि पट्ट्यांचे प्रकार बहुधा यांतील लहान भुंगेऱ्यांपैकीच असावेत.

वाहत्या पाण्याचे गणित वेगळे आहे. पांझरेवरच्या जुन्या फड पद्धतीच्या बंधाऱ्यांपासून निघणारे पाट, त्यांच्या कडेची मुळे आणि दगडांतील फटी येथे सावकाश वाहणाऱ्या पाण्यातील लहान जाती सापडतात. सातपुड्याच्या ओढ्यांत पावसाळा ओसरल्यावर खडकांत जे सावलीचे डोह उरतात व ज्यांच्या तळाशी सागाची कुजलेली पाने साचतात, तिथे कोपेलॅटस ही प्रजाती शोधावी. पाठीवर लांबीच्या दिशेने बारीक खाचा हे तिच्या अनेक जातींचे लक्षण आहे. जगात तिच्या चारशेहून अधिक जाती असून त्यांतील अनेक जाती अशाच पानांच्या गाळात राहतात. सुमारे साडेअकराशे मीटर उंचीवरच्या तोरणमाळला यशवंत तलाव आहे आणि भोवताली ओढेही आहेत. एकाच दिवसात दोन्ही प्रकारचे पाणी तपासता येईल अशी आपल्या भागात याहून चांगली जागा मला सुचत नाही.

हतनूरसारख्या मोठ्या जलाशयात भुंगेरे खोल पाण्यात शोधू नयेत. तिथे मासे असतात, आणि उघड्या पाण्यात माशांपुढे भुंगेऱ्यांच्या अळ्यांचा टिकाव लागत नाही. उथळ, वनस्पतींनी भरलेल्या काठालाच ते एकवटतात. तिथे पाणवनस्पतींच्या मुळांजवळ नोटेरिडी या जवळच्या कुळातील बारीक भुंगेरेही मिळतात, आणि शांत पाण्यावर कळपाने गरगर फिरणारे जायरिनिडी कुळातील काळे भुंगेरेही दिसतात. या शेवटच्यांचा प्रत्येक डोळा वरच्या आणि खालच्या अशा दोन भागांत विभागलेला असतो, त्यामुळे त्यांना हवेतले आणि पाण्यातले एकाच वेळी दिसते.

भारतातील पाणभुंगेऱ्यांवर भारतीय प्राणी सर्वेक्षणातील टी. जी. वझिरानी यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत पायाभूत काम केले. त्या पायावर आपल्या जिल्ह्यांच्या तपशीलवार नोंदींची भर पडणे आवश्यक आहे, आणि ते काम शाळेतील मुलेही करू शकतात, असे मी पूर्ण विचाराने म्हणतो.

उत्तर: मेहरूण_परिसर (जळगाव)

उत्तम चर्चा चालली आहे. मी आरोग्य विभागाच्या कामाशी संबंधित असल्यामुळे एक बाजू मांडावीशी वाटते. डेंग्यू-हिवतापाच्या मोसमात आम्ही पाण्याच्या साठ्यांत गप्पी मासे सोडतो, आणि गावातून मागणी असते की प्रत्येक डबक्यात, नाल्यात, खड्ड्यात ते सोडावेत. वरील वर्णनावरून असे दिसते की माशांमुळे हे भुंगेरे नाहीसे होतील. मग डासांच्या दृष्टीने फायदा अधिक की तोटा?

उत्तर: प्राणिशास्त्र_धुळे

प्रश्न अगदी योग्य आहे. डेंग्यूचा डास घरातील हौद, टाक्या, कुलरमधील पाणी, टाकाऊ टायर अशा लहान साठ्यांत वाढतो. त्या ठिकाणी पाणभुंगेरे सहसा पोहोचत नाहीत, म्हणून तिथे गप्पी मासे सोडणे किंवा पाणी दर आठवड्याला उपसून भांडे कोरडे करणे हेच उपाय आहेत आणि त्यांना पर्याय नाही.

उघड्यावरच्या तात्पुरत्या डबक्यांचे मात्र तसे नाही. आपल्या उष्ण हवेत अंड्यातून निघालेली डासाची अळी आठ-दहा दिवसांत प्रौढ डास होऊ शकते. पावसाच्या डबक्यात गप्पी नेऊन सोडेपर्यंत अर्धे दिवस निघून जातात आणि डबके आटले की मासे मरतात; पुढच्या पावसाला पुन्हा सोडावे लागतात. भुंगेरे उडत येतात, कोणी आणून सोडावे लागत नाहीत, आणि त्यांच्या अळ्या डासांच्या अळ्या मोठ्या प्रमाणात खातात. त्यांच्या जोडीला पाठीवर पोहणारे किडे आणि चतुरांची पिल्लेही असतात. काही जातींच्या डासांच्या माद्या पाठीवर पोहणाऱ्या किड्यांच्या गंधाने त्या पाण्यात अंडी घालण्याचेच टाळतात, असेही प्रयोगांत दिसून आले आहे. म्हणून माझे मत असे आहे की घरातील आणि बांधीव साठ्यांत मासे जरूर सोडावेत, नैसर्गिक आटणाऱ्या पाण्यात सोडू नयेत. गप्पी हा मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा मासा असून पुराच्या पाण्यातून तो ओढ्या-नद्यांत शिरला की परत काढता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. आणि ज्या डबक्यात फवारणीचे पंप धुतले जातात, तिथे डासांचे भक्षक आधी मरतात. डास मात्र शेजारच्या पाण्यातून लगेच परत येतात आणि भुंगेऱ्यांना पुन्हा पैदास करायला कितीतरी अधिक काळ लागतो.

भाऊंच्या मुलीच्या प्रकल्पासाठी थोडे लिहिते. फार ठिकाणी जाण्याची गरज नाही. घराजवळचे पन्नीचे तळे, नाला आणि एखादे पावसाचे डबके अशी तीन पाणी निवडावीत आणि ती आटेपर्यंत दर पंधरवड्याला त्याच तीन ठिकाणी जावे. लांब दांड्याची बारीक जाळी काठाच्या गवतातून ठरावीक वेळ फिरवून जे मिळेल ते पांढऱ्या ताटात ओतावे. पांढऱ्या पृष्ठभागावर अगदी लहान भुंगेरेही हालचालीमुळे लगेच नजरेस पडतात. तारीख, पाण्याची खोली, तापमान, काठाची वनस्पती, मासे आहेत की नाहीत, जवळच्या शेतात फवारणी कधी झाली, हे सर्व वहीत लिहावे. प्रत्येक प्रकाराचे वरून आणि पोटाच्या बाजूने छायाचित्र घ्यावे, मोजपट्टी शेजारी ठेवावी, आणि मग भुंगेरे त्याच पाण्यात सोडून द्यावेत. प्रजातीपर्यंतची ओळख बहुतेकदा छायाचित्रावरून होऊ शकते. लॅकोफिलस किंवा कोपेलॅटसमध्ये जातीपर्यंत जायचे असेल, तर नराच्या जननेंद्रियाची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. त्यासाठी एखाद-दुसरा नमुना ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवून महाविद्यालयात आणावा, आम्ही तिच्यासमोरच तो उघडून दाखवू.

बाटलीचा सापळा लावायचा झाल्यास तिच्या वरच्या भागात हवा राहील अशी ती तिरपी लावावी, नाहीतर अडकलेले भुंगेरे सकाळपर्यंत बुडून मरतात. यावल किंवा अनेर अभयारण्याच्या हद्दीत जाळी टाकण्यापूर्वी वनविभागाची लेखी परवानगी घ्यावी. नाल्यात उतरताना एक मोठे माणूस बरोबर असावे, कारण काळ्या जमिनीतील नाल्याचा काठ वरून कोरडा दिसला तरी खाली खचतो.

अळी सापडली तर ती वेगळ्या डबीत, एकेकटी ठेवावी. दोन अळ्या एकत्र ठेवल्या तर घरी पोहोचेपर्यंत एकच उरते.